‘त्रिशूळाला वजनच नाही’: खेळणाऱ्याचं म्हणणं पुरावा म्हणून वाचताना

परवा एका वाचक मैत्रिणीचा ईमेल आला. पेट झाली, गाइड मिळाल्या, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. विषय: फँटसी गेममधली लढाई आणि चिलखतं, आणि त्यावर खेळणाऱ्यांच्या प्रतिक्रिया. प्रश्न असा: "हजारभर प्रतिक्रिया गोळा करते, लोक कोणती कारणं देतात ते मोजते, तक्ता करते. एवढं पुरेल ना?"

मी आधी एका शब्दात "नाही" असं टाइप केलं होतं. मग खोडलं. कारण तीन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. तेव्हा गाइडनी माझ्या टिपणातला एकच शब्द लाल पेनाने गोल करून परत दिला होता: "म्हणून". बाकी काही शेरा नाही. त्या शब्दात काय चुकलं होतं हे कळायला मला बरेच दिवस लागले. तुमचे ते दिवस वाचावेत एवढ्यासाठी हा लेख.

ज्या गेमवर मी ते टिपण लिहिलं होतं तो आपल्या इथलाच आहे. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने बनवलेला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, ती ठरवलेल्या आकड्यापर्यंत पोचली नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२० ला गेम निन्टेन्डो स्विचवर आला, १५ ऑक्टोबरला कॉम्प्युटर आणि बाकीच्या कन्सोलवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी असलेल्या पुरस्काराचं नामांकनही मिळालं. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो, विष्णूकडून धनुष्य, पुढे तलवार-ढाल. काटेकोर बोलायचं तर हा रोल-प्लेइंग गेम नाही, ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे. पण लढाईबद्दलच्या तक्रारी दोन्हीकडे सारख्याच असतात.

प्रतिक्रिया कशा होत्या? चित्रांचं, वास्तूंचं, संगीताचं तोंड भरून कौतुक. राजस्थानी महालांसारखे ते सज्जे, पहाडी चित्रशैलीचा हात, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा. हे सगळं परदेशातल्या लोकांनाही आवडलं आणि आपल्याकडच्यांना तर "शेवटी कुणीतरी केलं" असं वाटलं. शेवट फार पटकन गुंडाळला असं बऱ्याच जणांनी म्हटलं. आणि लढाई? इथे सूर बदलायचा. लढाई सैल आहे. हलकी आहे. अडकल्यासारखी वाटते. शस्त्राला वजन नाही.

मी मूळची संख्याशास्त्राची. मोजायची सवय. मी हे शब्द मोजले, "वजन" आणि त्याचे भाऊबंद सगळ्यात वर आले, आणि मी लिहून टाकलं: बहुतेक तक्रारी शस्त्राच्या वजनाबद्दल आहेत, म्हणून दोष शस्त्रांच्या रचनेत आहे. पुढे आगाऊपणे उपायही दिला होता: त्रिशूळाची गती कमी करा, एका वाराने होणारं नुकसान वाढवा.

तो लाल गोल त्या "म्हणून"भोवती होता.

कट् वाजला पाहिजे

माझा मामेभाऊ चाकणला एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहे. राहतो मोशीला. त्याची सुट्टी गुरुवारची, तर एका गुरुवारी मी लॅपटॉप घेऊन मामाकडे गेले आणि त्याला ‘राजी’ खेळायला बसवलं. उद्देश शास्त्रीय वगैरे काही नव्हता. मला फक्त कुणाला तरी खेळताना बघायचं होतं. तोवर मी प्रतिक्रिया नुसत्या वाचल्या होत्या. खेळणाऱ्या माणसाच्या शेजारी एकदाही बसले नव्हते. (हसू नका. प्रतिक्रियांवर काम करणाऱ्यांमध्ये ही गोष्ट वाटते तितकी दुर्मिळ नाही.)

पहिल्या दोन-तीन झटापटी झाल्यावर तो म्हणाला, "ताई, लागलं का नाही तेच कळत नाही गं."

"म्हणजे वजन नाही असं?"

"वजन नाही माहीत. आमच्याकडे टॉर्क मारला ना, की रेंच कट् वाजतो. हाताला कळतं, झालं काम. तसं हिच्यात वाजत नाही."

ज्यांनी टॉर्क रेंच हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. नट किती घट्ट आवळायचा ते रेंचवर आधी ठरवून ठेवतात. तेवढा जोर लागला की रेंच हातात किंचित निसटल्यासारखा होतो आणि टक्क असा आवाज येतो. त्या क्षणी हात थांबतो. नव्या विजेच्या टूलवर याच कामाला दिवा असतो: बरोबर आवळला तर हिरवा, नाहीतर लाल. नट तेवढाच घट्ट बसेल, आवाज असो वा नसो. पण आवाज नसेल तर माणूस आणखी एकदा आवळून बघतो. काम झालं आहे याची खात्री वेगळी आणि काम होणं वेगळं.

गेम बनवणाऱ्यांकडे या ‘कट्’साठी जुन्या युक्त्या आहेत. तलवार लागते त्या क्षणी दोन्ही पात्रं दोन-चार फ्रेमपुरती गोठवतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. म्हणजे सगळा खेळ सेकंदाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याचा. याला ‘हिट-स्टॉप’ म्हणतात. खेळणाऱ्याला थांबा दिसत नाही, पण वार काहीतरी टणक गोष्टीत रुतला असं वाटतं. त्याच्या जोडीला आवाज, शत्रूचं अंग मागे झटकणं, पडदा किंचित हलणं. स्टीव्ह स्विंकचं ‘गेम फील’ नावाचं पुस्तक याच विषयावर आहे. मिळालं तर वाचा, सिनॉप्सिसमधली अर्धी शब्दावली तिथे सापडेल.

आता माझ्या उपायाकडे बघा. त्रिशूळ हळू केला असता आणि नुकसान वाढवलं असतं, तर ‘कट्’ वाजला असता का? नाही. उलट दोन वारांमधला वेळ वाढला असता आणि "लागलं का नाही" हा संशय जास्त वेळ टिकला असता. तक्रार खरी होती. तक्रारीत दिलेला शब्दही प्रामाणिक होता. त्या शब्दावरून मी जे कारण काढलं ते मात्र माझं होतं.

भाऊ खेळत असताना दुसरी एक गोष्ट दिसली, जी माझ्या तक्त्यात फार खाली होती: कॅमेरा. ‘राजी’त कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात नाही, गेमच्या हातात आहे. महाल, दऱ्या, प्रचंड मूर्ती दाखवायला तो लांब जातो, आणि ते दृश्य खरोखर देखणं असतं. पण लढाई सुरू झाल्यावरही तो बऱ्याचदा लांबच. राजी पडद्यावर बोटाच्या पेराएवढी. एवढ्या लहान आकृतीच्या हातातला त्रिशूळ कुणाच्या अंगात घुसला की बाजूने गेला, हे डोळ्याला कळणार कसं? भाऊ प्रत्येक झटापटीत मान पुढे काढून बघत होता. विचारलं तर "कॅमेरा" हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही.

पायमोजे आणि उजवी बाजू

माणसं आपल्याच आवडी-नावडीची कारणं सांगताना चुकतात, यावर मानसशास्त्रात एक गाजलेला शोधनिबंध आहे: निस्बेट आणि विल्सन, १९७७. त्यातला एक प्रयोग तुम्ही वर्गात ऐकला असेल. दुकानात येणाऱ्या लोकांसमोर नायलॉनच्या लांब पायमोज्यांच्या ४ जोड्या ओळीने ठेवल्या आणि सगळ्यात चांगली कोणती ते विचारलं. चारही जोड्या एकसारख्या होत्या. तरी सगळ्यात उजवीकडची जोडी सर्वाधिक निवडली गेली, डावीकडच्या टोकाच्या जोडीच्या जवळपास चौपट. कारण विचारलं तर लोक विणीबद्दल, पोताबद्दल बोलले. जागेमुळे फरक पडला असेल का असं थेट विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी नाकारलं.

या निबंधावर नंतर भरपूर वाद झाले, ते वाचल्याशिवाय तो उद्धृत करू नका. पण त्याचा गाभा आपल्या कामाचा आहे. "मला काय वाटलं" याबद्दल माणूस बहुधा विश्वासार्ह असतो. "मला ते का वाटलं" याबद्दल तो अंदाज करत असतो, आणि तो अंदाज अंदाजासारखा ऐकू येत नाही. "शस्त्राला वजन नाही" हे वाक्य वर्णनासारखं दिसतं, पण त्यात कारण लपलेलं आहे.

गेमच्या अभ्यासात याची दुसरी बाजू २००४ च्या एमडीए या आराखड्यात मिळते (हुनिके, लब्लांक आणि झुबेक). बनवणारा नियमांकडून सुरुवात करतो, नियमांतून खेळताना काहीतरी घडतं, त्यातून अनुभव तयार होतो. खेळणारा उलट टोकाकडून येतो: त्याच्या हातात आधी अनुभव पडतो आणि नियम त्याला शेवटी, जमलं तर, दिसतात. मला हा आराखडा थोडा जास्तच नीटनेटका वाटतो, पण तक्ता करण्यापूर्वी डोक्यात असलेला बरा.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे खेळणाऱ्यांना काही कळत नाही, तज्ज्ञांनाच विचारावं. अजिबात नाही. चिलखतांची गोष्ट नेमकी उलट आहे.

चिलखताचं गणित लोकांनी सोडवलं

आपल्याला चिलखत म्हटलं की प्रतापगड आठवतो. १० नोव्हेंबर १६५९, अंगरख्याच्या आत चिलखत, डोक्याला मंदिलाखाली जिरेटोप. बखरींपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत आलेल्या त्या प्रसंगात कट्यारीचा वार होतो, लागतोही, पण चिलखतामुळे इजा होत नाही. दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, आपल्या इतिहासातलं सगळ्यात प्रसिद्ध चिलखत बाहेरून दिसत नव्हतं, आणि न दिसणं हाच त्याचा उपयोग होता. दोन, त्याने वार चुकवला नाही, लागलेला वार पचवला.

फँटसी गेममध्ये दोन्ही बाबतीत वेगळीच परंपरा आहे. चिलखत आधी दिसलं पाहिजे; खांद्यावर शिंगं असली तर उत्तम. आणि १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून एक मोठा प्रवाह असा आहे की चिलखत जितकं भारी तितकी वार ‘लागण्याची’ शक्यता कमी; लागला तर पुरता लागतो. म्हणजे प्रतापगडाचा प्रसंग त्या नियमात बसवायचा तर कट्यार हुकली असंच म्हणावं लागेल. दुसरा प्रवाह वार लागू देतो आणि नुकसानातून टक्के कापतो. ‘स्कायरिम’ (२०११) या दुसऱ्या जातीचा.

‘स्कायरिम’बद्दल दोन तक्रारी नेहमी शेजारी शेजारी दिसतात. "सुरुवातीला चिलखत घालून काही फरकच पडत नाही." आणि "नंतर आपण अमर होतो, मजाच जाते." वरवर पाहता एकमेकींच्या विरुद्ध. आता गणित करू. चिलखताचा एक गुण नुकसानातून ०.१२ टक्के कापतो. शिवाय अंगावरच्या प्रत्येक भागामागे पडद्यावर न दिसणारे ३ टक्के मिळतात. अंग, शिरस्त्राण, हातमोजे, बूट असे ४ भाग धरले तर १२. आणि काहीही केलं तरी एकूण कपात ८० टक्क्यांच्या वर जात नाही. मग ८० मधून १२ गेले, राहिले ६८, त्याला ०.१२ ने भागा. ५६६ आणि वर थोडं. ढाल नसेल तर ५६७ या आकड्यानंतर चिलखताचा प्रत्येक गुण वाया. हा ५६७ ‘स्कायरिम’ खेळणाऱ्या कित्येकांना तोंडपाठ आहे. लोकांनी मार खाऊन, आकडे मांडून, फाइली उघडून तो काढला.

पण मला जास्त आवडतो तो पुढचा भाग. कपात ० वरून १० टक्के झाली, तर १०० च्या वाराला तुम्ही ९० खाता. मार दहाव्या हिश्श्याने घटला. तीच १० टक्क्यांची वाढ ७० वरून ८० अशी झाली, तर ३० च्या जागी २० खाता. मार तिसऱ्या हिश्श्याने घटला! ५० टक्क्यांना तुम्ही दुप्पट टिकता, ७५ ला चौपट, ८० ला पाचपट. गुण सरळ रेषेत वाढतात, टिकण्याची ताकद वळण घेऊन वर जाते. म्हणजे सुरुवातीला काहीच फरक नाही आणि शेवटी अमरत्व, या दोन्ही तक्रारी एकाच वक्ररेषेची दोन टोकं आहेत. मी त्या तक्त्यात दोन वेगळ्या रकान्यांत टाकल्या असत्या आणि खाली लिहिलं असतं: खेळाडूंमध्ये मतभेद आढळतात.

‘डार्क सोल्स ३’ चं प्रकरण तर संशोधन पद्धतीच्या तासाला शिकवावं असं. या मालिकेत ‘पॉइझ’ नावाचा गुण आहे: मार लागल्यावर तुमचं पात्र डगमगतं की पाय रोवून उभं राहतं, ते त्यावर ठरतं. पहिल्या ‘डार्क सोल्स’मध्ये तो साठ्यासारखा होता. प्रत्येक वाराने साठा घटायचा, संपला की तोल जायचा. मला हे समजावून सांगायला चाकणचा भुईकोट बरा पडतो. १६६० मध्ये शाइस्तेखानाने संग्रामदुर्गाला वेढा घातला, फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे ५५ दिवस लढवला, आणि मग सुरुंगाने बुरुज उडाला. रोज थोडा थोडा किल्ला पडला असं झालं नाही. तट उभा होता, उभा होता, आणि मग नव्हता. टक्क्यांनी कापणारं चिलखत वेगळं आणि उंबरठ्यावर तुटणारं संरक्षण वेगळं. पॉइझ हे दुसऱ्या प्रकारचं.

२०१६ मध्ये ‘डार्क सोल्स ३’ आला तेव्हा खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की जड चिलखत घालूनही पात्र तसंच डगमगतंय. "चिलखत निरुपयोगी आहे" ही झाली प्रतिक्रिया. पण काही जण तिथे थांबले नाहीत. एकच शस्त्र, एकच वार, समोर एकदा पूर्ण चिलखतातला माणूस आणि एकदा जवळजवळ उघडा. परत परत. डगमगणं सारखंच. मग कुणीतरी गेमच्या फाइली उघडून असं मूल्य शोधलं की ते बदलल्यावर पॉइझ पहिल्या गेमसारखा चालू झाला. प्रकाशक बांदाई नाम्कोने उत्तर दिलं की पॉइझ बंद वगैरे नाही, तो ठरवल्याप्रमाणेच चालतो आहे, ठरावीक परिस्थितीत. शब्दशः ते कदाचित बरोबरही असेल. पण गुणांच्या यादीत एक आकडा दाखवायचा, तो वाढवायला खेळणाऱ्याला जड चिलखत उचलायला लावायचं, आणि त्याचा अर्थ कुठेच सांगायचा नाही, याला मी तरी चांगली रचना म्हणणार नाही. पुढे त्याच वर्षी पॅचमधून पॉइझच्या वागण्यात बदल झाले.

या वादात नियंत्रित तुलना होती, पुनरावृत्ती होती, आणि हस्तक्षेपही होता: एक गोष्ट बदलून परिणाम बघणं. शोधनिबंधात यापेक्षा वेगळं काय करतो आपण? तेव्हा प्रतिक्रिया वाचताना मी आता तीन रकाने करते. वर्णन कुठलं, कारण कुठलं, आणि मोजमाप कुठलं. "लागलं का नाही कळत नाही" हे वर्णन. "शस्त्राला वजन नाही" हे वर्णनाचा सदरा घातलेलं कारण. "याच वाराने चिलखतासह आणि चिलखताशिवाय सारखंच डगमगलो" हे मोजमाप. ‘एल्डन रिंग’ खेळणारे अंगावरचं वजन ६९.९ टक्क्यांवर आणून ठेवतात, कारण ७० ला लोळण जड होते; ही सवयसुद्धा मोजमापच आहे, कुणी वाक्यात लिहिलं नसलं तरी. पहिला रकाना सगळ्यात मोठा भरतो. तिसऱ्यात फार थोडं येतं, पण ते सोन्यासारखं असतं.

मग ‘राजी’बद्दल आज माझं म्हणणं काय? लढाई कमकुवत आहे हे खरंच. पण तिचा दोष त्रिशूळात नाही असं मला वाटतं. राजी ही सर्कशीतली मुलगी. भिंतीवर धावते, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करते. त्या गिरक्या गेममधला सगळ्यात जिवंत भाग आहेत. हलकं असणं हा तिचा स्वभाव आहे, त्यावर लोखंड चढवायला सांगणं म्हणजे कथेशी बेइमानी. प्रश्न असा की तिच्या अंगावर चिलखत नाही आणि मिळवायची सोयही नाही. चिलखत असलेल्या गेममध्ये एखादा इशारा अस्पष्ट असला तर तुम्ही मार खाता आणि पुढे जाता. चिलखत एका अर्थी गेमने दिलेली उधारी असते, त्यात रचनेच्या चुका झाकून जातात. ‘राजी’त ती उधारी नाही. सगळा भार वेळेवर बाजूला होण्यावर, म्हणजे शत्रूचा इशारा वेळेवर दिसण्यावर. आणि ज्या गेमला दिसण्यावर जगायचं आहे त्याचा कॅमेरा महालाच्या प्रेमात पडून लांब उभा आहे. जी चित्रं लोकांना आवडली त्यांनीच, मला वाटतं, लढाईचं नुकसान केलं. २०२२ मध्ये या गेमची सुधारित आवृत्ती आली, त्यात हिंदी आवाज आले आणि लढाईचीही डागडुजी झाली, फरक जाणवतो. छोट्या स्टुडिओला अशी दुसरी संधी दरवेळी मिळत नाही. म्हणून चुकीचं निदान महाग पडतं, आणि समीक्षकाचं चुकीचं निदानही त्यात धरा. माझं टिपण सुदैवाने वर्गाबाहेर गेलं नाही.

"मला वाटतं" असं मी दोनदा लिहिलंय ते मुद्दाम. कॅमेऱ्याबद्दलचं माझं म्हणणंही अजून दुसऱ्याच रकान्यात आहे. ते तिसऱ्यात न्यायचं तर काय करावं लागेल?

ईमेल लिहिणाऱ्या मैत्रिणीला मी हेच सुचवलंय. बाजारातला गेम घेऊ नको, त्यात शंभर गोष्टी एकदम बदलतात. एक साधा आखाडा बनव: एक पात्र, एक शस्त्र, एक शत्रू. नुकसान, गती, शत्रूची ताकद सगळं कायम. फक्त दोन गोष्टी बदल: हिट-स्टॉप आहे किंवा नाही, कॅमेरा जवळ किंवा लांब. चार जोड्या होतात. प्रत्येक माणूस चारही खेळेल, पण क्रम प्रत्येकाचा वेगळा ठेव. उजवीकडचे पायमोजे आठव, शेवटी खेळलेलं जास्त बरं वाटू शकतं, किंवा तोवर हात बसलेला असतो. खेळून झाल्यावर आधी विचार, शस्त्र किती जड वाटलं. आणि त्यानंतरच विचार, का. पहिल्या उत्तराची तुलना तू प्रत्यक्ष बदललेल्या गोष्टीशी करशील. दुसऱ्या उत्तराचीही त्याच गोष्टीशी कर. कॅमेरा लांब गेल्यावर शस्त्र हलकं वाटलं आणि कारण म्हणून कॅमेऱ्याचं नाव कुणीच घेतलं नाही, असं निघालं तर तुझ्या हाती खरंच काहीतरी लागलं. नाही निघालं तर माझा अंदाज चुकला, तेही छापण्याजोगं आहे. हजार प्रतिक्रियांचा तक्ता फेकून देऊ नको. कोणत्या दोन गोष्टी बदलायच्या हे ठरवायला तोच उपयोगी पडणार आहे.

तिचं उलट उत्तर आलंय: इतकी माणसं आणायची कुठून, आणि कॉलेजची मुलंच घेतली तर चालतील का? चालतील, पण निम्म्यांना तरी गेमची सवय नसावी असं बघ, नाहीतर सगळे ‘डार्क सोल्स’च्या मापाने बोलतील. माझा भाऊ तयार आहे. त्याची अट एवढीच की गुरुवारी ठेवा.